फिकट रेघ

पहाटे ५.४०

सर्व्हर रात्रभर राबतो आणि पहाटे निरोप धाडतो, काम संपलं म्हणून. चहा गाळायच्या आधी मी फाइल उघडते. चोवीस नमुने, चोवीस ओळी. तेवीस ओळींच्या शेवटी एकेक नाव आहे. सतराव्या ओळीच्या शेवटी दोन आहेत: लिनिएज १, लिनिएज ३.

क्षयाच्या जंतूची जगभर काही मोठी घराणी आहेत. दक्षिण भारतात पहिल्या घराण्याचं प्रस्थ, उत्तरेकडे तिसऱ्याचं, आणि मधल्या मुलखात दोन्हींची सरमिसळ. पण ही सरमिसळ गावात, शहरात असते. एकाच माणसाच्या बेडक्यात दोन्ही घराणी सापडली, तर अर्थ दोनच निघतात. एक तर या माणसाच्या छातीत क्षयाचे दोन वेगळे वाण नांदताहेत. नाही तर आमच्यापैकी कुणीतरी माती खाल्ली आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकले, की आधी मातीच गृहीत धरायची.

७.१०

दोड्डकन्नेल्लीहून बस मिळते. सर्जापूर रोडवर अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. इब्लूरच्या सिग्नलला किती वेळ गेला, ते सांगतात. आज बावीस मिनिटं. कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले, रस्त्यावर आपण. पुढे आगरा, जक्कसंद्रा, मग कोरमंगला. सेंट जॉन्सच्या थांब्यावर उतरून मी चालत प्रयोगशाळेत जाते.

बसमध्ये कुणी खोकलं की माझी मान वळतेच. धंद्याची खोड.

या शहरात क्षयाची मोजदाद जुनी आहे. बळ्ळारी रोडवरची नॅशनल ट्यूबरक्युलोसिस इन्स्टिट्यूट १९५९ सालची. तिथल्या लोकांनी १९६१ ते १९६८ या काळात बंगलोर जिल्ह्यातल्या ११९ खेड्यांत घरोघरी फिरून थुंकी गोळा केली, छातीचे फोटो काढले, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासली. जंतू सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पाच वर्षांत दगावले होते. तेव्हा प्रश्न होता, किती माणसांत जंतू आहे. एका माणसात किती जातींचे जंतू आहेत, हा प्रश्न पडायला लागणारी हत्यारंच कुणाकडे नव्हती.

८.४५

जंतू वाढवण्याच्या खोलीत मी आता जात नाही. माझी सहकारी जाते. कृष्णगिरीकडची तमिळ मुलगी, वयानं माझ्या निम्मी, हाताला माझ्या दुप्पट स्थिर. ती मास्क, दोन जोड हातमोजे, झगा चढवून दोन दारं ओलांडते. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. मी काचेपाशी उभी.

तिनं आज तिरक्या नळ्या काढल्या आहेत. अंड्याचं माध्यम, त्यात मॅलाकाइट ग्रीन, त्यामुळे रंग कच्च्या कैरीच्या सालीसारखा. त्यावर पाच-सहा आठवड्यांनी पिवळट, खरखरीत पुंजके उगवतात. फुलकोबीचे तुरे कुस्करून चिकटवावेत तसे. दोन वेगळे वाण असले तरी हे तुरे सारखेच दिसतात. त्यांच्याकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही.

मी शिकले तेव्हा सरांनी बजावलं होतं, की नेहमी एकच पुंजका उचलायचा, त्याच्यापासून पुढचं सगळं वाढवायचं. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला, तो शुद्ध संवर्धनाच्या जोरावर. तेव्हापासून आमच्या विद्येत हे सोवळं आहे. रोग एक, जंतू एक, नळीत वाढेल तोही एकच. सोवळ्याचा उपयोग झाला, नाकारत नाही. पण शंभर पुंजक्यांतला एक उचलला, की उरलेल्या नव्व्याण्णवांत कोण होतं हे कायमचं पुसलं जातं. म्हणून आता आम्ही सगळी नळी खरवडून घेतो. एवढ्यानंही भागत नाही. बेडक्यातून माध्यमात येताना जो वाण भरभर वाढतो तो हळू वाढणाऱ्याला मागे सारतो, आणि एका नळीतून दुसरीत नेलं की पुन्हा तेच.

९.३०

बैठक. मी सतरा नंबरचं सांगते आणि सगळे एकमेकांकडे न बघता वह्या काढतात. कुणावर आळ नाही, तरी वातावरण शाळेत खिडकीची काच फुटल्यावर असतं तसं.

संशयित ठरलेले आहेत. बेडका स्वच्छ करताना सगळ्या नळ्यांत एकाच बाटलीतून बफर ओततात. बाटलीचं तोंड एका नळीच्या काठाला लागलं, की सोळाचे जंतू सतरात. दुसरा संशयित, नमुन्यांना लावलेले बारकोड. यंत्रात थोडे इकडचे तिकडे होतातच. तिसरा सगळ्यांत निरागस. थुंकीत तोंडातले इतर जंतू असतात, आणि काही जनुकं सगळ्या जंतूंत इतकी सारखी असतात की संगणक परक्याचा तुकडा आपल्या जंतूला चिकटवून मोकळा होतो.

वही सांगते, की त्या दिवशी बफर लहान नळ्यांत वाटून घेतला होता, ज्याची नळी त्याला. हे लिहिलेलं आहे. घडलंही असेल.

११.००

आता माझं काम, आणि ते सगळं पडद्यावर.

क्षयाच्या जंतूचा जनुकसंच सुमारे ४४ लाख अक्षरांचा. तो पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला १९९८ साली. आपल्याकडे, म्हणजे माणसाकडे, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. त्यामुळे एखाद्या जागी दोन अक्षरं दिसली तर नवल नाही. जंतूकडे प्रत एकच. त्याच्या कुठल्याही जागी एकच अक्षर दिसायला हवं. सतरा नंबरमध्ये हजाराहून जास्त जागी दोन दोन अक्षरं आहेत, आणि जिथे बघावं तिथे वाटणी तीच: साधारण ८३ विरुद्ध १७.

मी आधी गावगुंड बाजूला काढते. जंतूच्या जनुकसंचाचा दहावा हिस्सा एकसारख्या पुनरावृत्तींनी भरलेला आहे. तिथे संगणक नेहमी गोंधळतो, म्हणून तो भाग झाकायचा. तोंडातल्या परक्या जंतूंचे तुकडे गाळायचे. यानंतर अक्षरांच्या जोड्या थोड्या कमी होतात, पण वाटणी हलत नाही. हा जंतू वर्षाकाठी अर्धंएक अक्षर बदलतो. रुग्णाच्या छातीत बसून त्यानं स्वतःहून रूप पालटलं म्हणावं, तर दोन-चार जागी फरक दिसला असता. हजार जागांसाठी त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या असत्या. म्हणजे पाहुणा बाहेरचा आहे. आता तो रुग्णाचा पाहुणा की आमचा, एवढंच उरलं.

त्यासाठी सतरा टक्केवाल्याची अक्षरं वेगळी निवडून त्याची कुंडली मांडते आणि रॅकमधल्या बाकीच्या तेवीस जणांशी ताडून बघते. सोळाशी जुळत नाही. अठराशी जुळत नाही. कुणाशीच जुळत नाही. तपासणीसाठी आम्ही सोबत चालवतो तो नेहमीचा प्रयोगशाळेतला वाण लिनिएज ४ चा, तोही सुटला. मग गेल्या सहा महिन्यांतले सगळे. जवळात जवळचा निघाला तोही शेकडो अक्षरं दूर.

मग एक गोष्ट दिसली, जी मी खरं म्हणजे आधी बघायला हवी होती. आरपीओबी जनुकातल्या ४५०व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन करणारा बदल. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध न लागू पडण्याचं हे सगळ्यांत ओळखीचं कारण. तो बदल किती तुकड्यांत? शेकडा सतरा. लिनिएज ३ च्या खुणांचा वाटा जितका, तितकाच याचा. म्हणजे मुख्य जंतू रिफाम्पिसिननं मरणारा आहे आणि दुसरा न मरणारा.

आमचं सॉफ्टवेअर हा बदल अहवालात छापत नाही. नव्वद टक्क्यांखालचं ते कचरा समजतं. तशी सूचना आम्हीच देऊन ठेवली आहे.

१२.२०

लिहायला बसण्याआधी जुने कागद चाळते. एका माणसाला क्षय एकदा झाला, की दुसऱ्या जंतूला तिथे थारा नाही, असं मानणारी पिढी फार जुनी नाही. १९९९ मध्ये केपटाउनच्या गटानं बरे होऊन पुन्हा आजारी पडलेले १६ रुग्ण घेतले. १२ जणांत दुसऱ्या खेपेचा जंतू निराळाच निघाला. २००४ मध्ये त्याच शहरात रॉब वॉरन आणि सहकाऱ्यांनी थुंकीतच शोध घेतला, तर १९ टक्के रुग्णांत बीजिंग घराणं आणि बिगर-बीजिंग, दोन्ही एका वेळी. चेन्नईचं चित्र वेगळं आहे. तिथल्या २०१० च्या अभ्यासात एचआयव्ही नसलेल्यांत पुन्हा उलटलेला क्षय बहुतेक वेळा जुन्याच जंतूचा होता, आणि एचआयव्ही असलेल्यांत बहुतेक वेळा नव्याचा. केपटाउनचे आकडे उचलून बेंगळुरूला चिकटवणारे लेख मी वाचते आणि चिडते.

१.१०

“ऊटा आय्ता?” म्हणत मदतनीस अण्णा डोकावतात. जेवण झालं का, हे इथे विचारतात, उत्तराची वाट बघत नाहीत. डब्यात चपाती, गवारीची भाजी, आणि अण्णांकडचं चित्रान्न.

जेवताना सहकारी मुलीला मनूची गोष्ट सांगितली. पूर्वी जंतूची ओळख पटवायला त्याच्या जनुकातले ४३ ठिपके बघायचे, कुठला आहे, कुठला नाही. भारतात एक नमुना सापडला, ज्यात जवळजवळ सगळे ठिपके शाबूत, फक्त ३३ आणि ३४ गायब. जितके ठिपके जास्त तितका वंश जुना, म्हणून त्या कुळाचं नाव ठेवलं ‘मनू’. मूळपुरुषच. पुढे काहींच्या लक्षात आलं, की बीजिंग वाणात १ ते ३४ नसतात आणि टी नावाच्या वाणात ३३ ते ३६. दोघांना एका नळीत घाला: एकाचं नसलेलं दुसरा भरून काढतो, आणि दोघांतही नसलेले तेवढे दोनच उरतात, ३३ आणि ३४. झाला मनू तयार. खरे मनू नसतात असं नाही. पण काही मूळपुरुष नुसती गर्दी होती.

ती हसली आणि तिनं बोटांनी ठिपके मोजून बघितले. हे मला आवडतं, माझ्यावर विश्वास न ठेवणं.

मी मिरजेची. आमच्याकडे वानलेसवाडी हे नाव आजी आवाज खाली आणून घ्यायची, कारण तिथे क्षयाचं सॅनटोरियम होतं. तिच्या भावाला दोनदा तिथे ठेवलं होतं. दुसऱ्या खेपेला ‘तोच रोग उलटला’ असं घरात म्हणत. तोच होता का, कोण जाणे. जेवताना नको ते आठवतं.

२.३०

अण्णांनी कपाटातून फाइल काढून दिली. याच रुग्णाची पट्टी-चाचणी आमच्याकडेच पाच आठवड्यांपूर्वी झाली होती. दुसऱ्या दिवशीच्या बेडक्यावर, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या हातांनी. तिथे आजच्या रॅकचा वारासुद्धा लागलेला नाही.

ही पट्टी म्हणजे करंगळीहून अरुंद पांढरा कागद, कोऱ्या अहवालावर चिकटटेपनं लावलेला. त्यावर जांभळट-करड्या आडव्या रेघा. वरच्या दोन-तीन रेघा चाचणी नीट झाली एवढंच सांगतात. खाली आरपीओबीच्या मूळ रूपाच्या आठ रेघा, मग बदललेल्या रूपांच्या चार. रिफाम्पिसिनला न जुमानणारा हा जंतू एकटा असता, तर मूळ रूपाची आठवी रेघ उडाली असती आणि बदललेल्यांतली शेवटची उमटली असती. या पट्टीवर आठही रेघा ठसठशीत आहेत. अहवालात लिहिलंय: रिफाम्पिसिन, प्रतिरोध आढळला नाही.

मी पट्टी खिडकीपाशी नेते. चष्मा काढते, जवळ धरते. बदललेल्यांतल्या शेवटच्या जागी काहीतरी आहे. कपड्यावर चहाचा डाग धुतल्यावर राहतो तेवढंच.

नियम असा आहे, की वरच्या नियंत्रण-रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तीच रेघ मोजायची. नियम शहाणा आहे. नाही तर प्रत्येक धुवट छटेवरून माणसांना नको ती औषधं सुरू झाली असती. दोघांनी वाचायचं, दोघांनी सह्या करायच्या, तेही केलेलं आहे. खाली दुसरी सही माझी आहे.

३.४५

डॉक्टरांना फोन. आमच्याकडे नमुन्यावर फक्त आकडा असतो, नाव त्यांच्याकडे.

“मॅडम, तो बरा होतोय हो. सहा आठवडे झाले गोळ्यांना. दोन किलो वजन वाढलं, खोकला कमी. ट्रूनॅटवर रिफाम्पिसिन चालेल असंच आलं होतं.”

ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायोचं यंत्र, आणि त्याची घडण बेंगळुरूच्याच बिगटेकमधली. तालुक्याच्या दवाखान्यातही चालतं, म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण अशी यंत्रं मिश्रणात बहुमतानं बोलतात. बोट्स्वानात २०१४ साली जीनएक्स्पर्ट या अशाच यंत्राबाबत हेच नोंदवलं गेलं, की मिश्र लागण असली तर प्रतिरोध नजरेतून सुटतो आणि अशा रुग्णांचे हाल होतात.

“सतरा टक्के म्हणजे कितीसे?” त्यांनी विचारलं.

“फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. तुम्हीच गुणाकार करा.”

गप्प. मग मी शेतातलं सांगितलं. डॉक्टरही शेतकऱ्याच्या घरचे. उसात टू-फोर-डी फवारलं, की रुंद पानाचं सगळं तण जळतं आणि रान आठ दिवस स्वच्छ दिसतं. मग गवती तण मोकळ्या रानात हातभर येतं. त्याला त्या औषधाचं काही वाटत नाही, आणि शेजारी मेल्यानं खत-पाणीही त्यालाच. वजन वाढलं ते खरं आहे. ८३ टक्के मरताहेत.

“मग औषध आजच बदलू?”

नाही. आमचं हे संशोधनाचं काम, त्यावर उपचार फिरवता येत नाहीत, फिरवूही नयेत. नव्यानं बेडका घ्यायचा, एक आत्ताचा आणि एक पहाटेचा, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत संवर्धन करून औषधं लावून बघायची. ही पद्धत जुनी. जॉर्ज कानेटी आणि मंडळींनी १९६३ मध्ये तिचे निकष बसवून दिले: औषध घातलेल्या माध्यमावर शंभरात एकाहून जास्त जंतू तगले, तर तो प्रतिरोधी समजा. हा कानेटी म्हणजे नोबेलवाल्या एलियास कानेटीचा धाकटा भाऊ, स्वतः क्षयाचा रुग्ण. त्याची चाचणी आठवडे खाते, पण शेकडा एक पकडते. दोन तासांत निकाल देणाऱ्या यंत्राला शेकडा सतरा दिसत नाहीत. घाई आणि नजर एकत्र मिळत नाहीत, निदान आमच्या खात्यात.

प्रतिरोध ठरला, तर आता सहा महिन्यांची चार औषधांची नवी योजना आहे, २०२४ मध्ये सरकारनं मान्य केलेली. पूर्वी हेच दीड-दोन वर्षं आणि रोज सुया. ते जिल्ह्याचे तज्ज्ञ ठरवतील.

“त्याला काय सांगू?” डॉक्टर म्हणाले. “सर्जापूरच्या पुढे बिल्डिंगच्या कामावर असतो. पुन्हा थुंकी दे म्हटलं, की एक रोज बुडतो.”

दुसरा जंतू त्याला कुठून लागला, हेही त्यांनी विचारलं. तिसरं घराणं उत्तरेकडे जास्त, आणि बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत उत्तरेकडची माणसं जास्त. वाक्य जिभेवर आयतं तयार होतं. मी ते गिळलं. कोण आधी आला, कोण नंतर, गावाकडे का इथे, हे अक्षरांवरून कळत नाही. आणि एकदा तोंडातून गेलं, की ते वाक्य त्या खोल्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

५.१५

सतरा नंबरचा मूळ बेडका उणे ऐंशीला ठेवलेला आहे. सहकारिणीनं त्यातून पुन्हा डीएनए काढायला घेतला, या खेपेला एकटाच, शेजारी कुणी नको. निकाल परवा. प्रमाण ८३-१७ च निघेल असं नाही; माध्यमात वाढण्याआधी कुणाचा वाटा किती होता, ते आता कळेल.

सॉफ्टवेअरमधला नव्वदचा आकडा मी बदलला नाही. खाली आणला, तर रोज पन्नास खोटे पाहुणे उगवतील. एक वेगळा रकाना जोडला: दहा ते नव्वदच्या मधलं सगळं तिथे जाईल, अहवालाबाहेर, पण डोळ्यांसमोर. अर्ध्या तासाचं काम. कधीच करता आलं असतं.

डॉक्टरांचा निरोप आला. रुग्ण उद्या सकाळी बेडका घेऊन येतो म्हणाला, कामावर जायच्या आधी, सहा वाजता. डबी त्याच्याकडे पोहोचली आहे.

६.२०

पट्ट्यांची फाइल परत द्यायची होती, पण मी ती जानेवारीपासून उघडून खिडकीत बसले. पश्चिमेचा उजेड आहे तोवर. प्रत्येक पानावर दोन पट्ट्या, प्रत्येकीच्या तळाशी मी एकच जागा बघते. कोरी, कोरी, कोरी. एके ठिकाणी गडद, तिथे अहवालही बरोबर. पुन्हा कोरी. अकराव्या पानावर काहीतरी वाटलं. पट्टी तिरकी धरली, सरळ धरली. रेघ असेल, चिकटटेपचा पिवळेपणाही असेल. पेन्सिलनं बारीक टिंब केलं.

अण्णा पलीकडचे दिवे मालवत आले. “मॅडम, होगोणा?”

निघायचंच होतं. पण या महिन्याची चार पानं राहिली होती, आणि उजेड अजून होता.